वेलकम कलेक्शनचा ऑनलाइन संग्रह : युद्धात मन कोलमडलेल्या सैनिकांच्या परिचारिका शोधताना

सायकियाट्रिक नर्सिंग शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या प्रत्येकाला हा संग्रह मी डोळे झाकून सुचवेन. लंडनच्या वेलकम कलेक्शनने आपल्या ग्रंथालयातली जुनी पुस्तकं, सरकारी अहवाल, हस्तलिखितं, छायाचित्रं आणि फिल्म मोठ्या प्रमाणावर ऑनलाइन ठेवल्या आहेत. पैसे पडत नाहीत. बहुतेक गोष्टी बघायला खातंसुद्धा उघडावं लागत नाही. पुस्तक पानापानाने वाचता येतं, छापील मजकुरात शब्द शोधता येतो, हवं तर अख्खं पुस्तक उतरवून घेता येतं. शिवाय कुठली गोष्ट कशी वापरायला परवानगी आहे हे तिथेच लिहिलेलं असतं. वर्गात काही दाखवायचं म्हटलं की ही शेवटची सोय सगळ्यांत कामाची ठरते.

मी मात्र हे लिहितेय ते एका ठरावीक कामाबद्दल. दोन महायुद्धांत ज्या सैनिकांची मनं कोलमडली, त्यांची शुश्रूषा कुणी केली आणि कशी केली, हे मला शोधायचं होतं.

मनोरुग्णांच्या वॉर्डात बरीच वर्षं काढल्यावर मी शिकवायला लागले. आमच्या पाठ्यपुस्तकांत इतिहासाचं प्रकरण आटोपशीर असतं. साल, नाव, पुन्हा साल, पुन्हा नाव. मुली-मुलं ते परीक्षेपुरतं घोकतात आणि विसरतात. सैनिकांच्या ‘शेल शॉक’चा, म्हणजे युद्धात बसलेल्या मानसिक आघाताचा, विषय निघाला की नावं येतात ती डॉक्टरांची. फेब्रुवारी १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तीन रुग्णांची हकीकत छापून हा शब्द वैद्यकीय जगात रुजवणारे चार्ल्स मायर्स, एडिनबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयातले रिव्हर्स, विजेचे झटके देणारे यीलँड. नर्स कुठे आहे? डॉक्टर त्या माणसापाशी दिवसातून किती वेळ बसला असेल? उरलेले तास तिथे कुणीतरी होतंच ना? नाइट ड्यूटी केलेल्या कुणालाही हा प्रश्न पडेल.

या संग्रहातली सगळ्यांत गाजलेली गोष्ट म्हणजे १९१७-१८ सालची एक मूकफिल्म. डॉक्टर आर्थर हर्स्ट यांनी नेटली आणि सील हेन इथल्या लष्करी रुग्णालयांत ती चित्रित करवून घेतली. साधारण अर्ध्या तासाची आहे, मधूनमधून मजकुराच्या पाट्या येतात. थरथरणारे, वाकडेतिकडे चालणारे, चेहऱ्याचे स्नायू सारखे आवळणारे तरुण एकामागून एक समोर येतात. एक जण बाकी कुठल्याच शब्दाला दाद देत नाही, पण ‘बॉम्ब’ म्हटलं की झटक्यात पलंगाखाली शिरतो. दुसरा चाकाच्या खुर्चीत बसलेला आहे. त्याच्या ताठरलेल्या घोट्याशी कुणी कितीही झटापट केली तरी त्याला त्याचा पत्ता नाही. पुढे तोच माणूस बरा होऊन इतरांना टोपल्या विणायला शिकवताना दिसतो. फिल्ममध्ये रुग्णांची नावंही आहेत. मी ती वर्गात घेत नाही आणि इथेही देत नाही. शंभर वर्षं झाली तरी ते आपले पेशंटच आहेत.

ही फिल्म पहिल्यांदा बघताना नजर त्या देहांवरून हलत नाही. म्हणून मी मुलांना ती दोनदा दाखवते. दुसऱ्यांदा सांगते, रुग्णाकडे बघू नका, चौकटीच्या कडांकडे बघा. खुर्ची कुणी आणून ठेवली? त्याला कपडे कुणी घातले? दाढी कुणी केली? ज्याला स्वतःचे पाय जाणवत नाहीत त्याच्या टाचांना जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन-चार तासांनी कूस कोण बदलत असेल? पाटीवर लिहिलेलं असतं की अमुक इतक्या वेळात बरा झाला. त्याआधीचे महिने पाटीवर येत नाहीत. वर्ग इथे गप्प होतो, कारण यातलं प्रत्येक काम त्यांनी त्याच आठवड्यात केलेलं असतं.

एक गोष्ट मात्र फिल्म दाखवण्याआधी सांगायलाच हवी. ‘उपचारापूर्वी’ म्हणून दाखवलेली काही दृश्यं रुग्ण बरा झाल्यावर पुन्हा करवून घेतलेली असावीत, असं नंतरच्या अभ्यासकांनी पुराव्यानिशी मांडलं आहे. बरे झालेले पुढे तसेच राहिले का, याचंही उत्तर फिल्म देत नाही. तेव्हा तिला पुरावा म्हणून न बघता हर्स्टना जगाला काय दाखवायचं होतं या दृष्टीने बघावं.

आणि हर्स्टच्याच लिखाणात माझ्या प्रश्नाचं पहिलं ठोस उत्तर सापडलं. सील हेन हे डेव्हनमधलं शेतकी कॉलेज, १९१८ मध्ये तिथे रुग्णालय आलं. तिथली पद्धत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने त्याच साली ‘लॅन्सेट’मध्ये सांगितली. तिचा मथितार्थ असा, की रुग्ण दाखल झाला की लगेच सिस्टर त्याच्या मनात भरवते, डॉक्टरांना वेळ मिळाला की तू बरा होणार. बाकीचा वॉर्डही तेच बोलत असतो. आधी बरे झालेले लोक आजूबाजूला वावरत असतात. म्हणजे डॉक्टर खोलीत येईपर्यंत निम्मं काम होऊन गेलेलं असे. हर्स्ट हे लपवत नाहीत, उलट मोकळेपणाने सांगतात. पण ती सिस्टर कोण होती, तिने नेमके कोणते शब्द वापरले, पहिल्या रात्री तो ओरडत उठला तेव्हा ती काय म्हणाली, यातलं काहीच त्या लेखात नाही. उपचाराची सुरुवात तिची आणि उपचारावर सही डॉक्टरची. आजच्या केस पेपरवरसुद्धा हे असंच चालतं, आणि मला ते आजही खटकतं.

नेटलीबद्दल थोडं सांगते, कारण संग्रहात या नावाने शोधलं की बरंच हाती लागतं. साउदॅम्प्टनजवळ समुद्रकाठी बांधलेलं हे प्रचंड लष्करी रुग्णालय १८६३ मध्ये सुरू झालं. इमारत जवळजवळ पाव मैल लांब होती. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी आराखड्यावरच कडाडून टीका केली होती, हवा खेळत नाही म्हणून. पण तोवर पाया घातला गेला होता. मनोरुग्ण सैनिकांसाठी मागे वेगळा ‘डी ब्लॉक’ १८७० मध्ये उघडला. मुख्य इमारत १९६६ मध्ये पाडली, आता मधलं चॅपल तेवढं उभं आहे. वेड्यांच्या इस्पितळात अनुभव घेतलेले पुरुष अटेंडंट आणि लष्करी वैद्यकीय दलाचे ऑर्डर्ली, म्हणजे वॉर्डातले मदतनीस, हे डी ब्लॉकसारख्या ठिकाणी कणा होते, आणि त्यांची नावं तर परिचारिकांहूनही कमी सापडतात.

याच अटेंडंटांसाठी लिहिलेली पुस्तिका हा या संग्रहातला माझा सगळ्यांत आवडता ऐवज. ब्रिटनमधल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १८८५ मध्ये ती काढली, आणि १८९१ पासून त्या अभ्यासक्रमावर परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली. महायुद्धाच्या काळात ज्यांच्याकडे मानसिक रुग्णांच्या सेवेचं रीतसर शिक्षण होतं ते बहुतेक याच वाटेने आलेले. त्यात शरीररचना आहे, मलमपट्टी आहे, आणि रुग्णाशी वागायचं कसं हेही आहे: काय बघायचं, काय टिपून ठेवायचं, कुणावर सतत नजर ठेवायची. काही वाक्यं आज वाचवत नाहीत इतकी कठोर आहेत. काही मात्र मी जशीच्या तशी हँडओव्हरच्या, म्हणजे ड्यूटी बदलताना रुग्णांची माहिती सोपवण्याच्या, तासाला वापरते. सामान्य रुग्णालयांतल्या बायका या प्रमाणपत्राला कमी लेखत, आणि १९१९ च्या कायद्याने परिचारिकांची नोंदवही झाली तेव्हाही मानसिक रुग्णांच्या परिचारिकांची नावं मुख्य यादीत न जाता पुरवणी यादीत गेली. युद्ध संपून जेमतेम वर्ष झालेलं होतं. इतकी माणसं सावरणाऱ्यांना पुरवणीत टाकलं गेलं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात मानसिक आघाताच्या रुग्णांचा आकडा सर्वसाधारणपणे ८०,००० सांगितला जातो, यावरून कामाचा आवाका लक्षात यावा.

हे सगळे रुग्ण ठेवले कुठे? इथे संग्रहातले अहवाल उपयोगी पडतात. १९१५ पासून इंग्लंड-वेल्समधली दोन डझनांच्या आसपास वेड्यांची इस्पितळं रिकामी करून लष्कराला दिली गेली. बहुतेक ठिकाणी जखमी सैनिक आले, काही ठिकाणी खास मानसिक रुग्ण. आधीपासून तिथे असलेल्या हजारो साध्या रुग्णांना उचलून दुसऱ्या इस्पितळांत कोंबलं. तिथले पुरुष अटेंडंट सैन्यात भरती झालेले, म्हणून बायका पहिल्यांदाच मोठ्या संख्येने पुरुषांच्या वॉर्डात ड्यूटीला आल्या. जागा कमी, माणसं कमी, अन्न कमी. क्षय पसरला, मग इन्फ्लुएन्झा आला. १९१८ साली या इस्पितळांतल्या मृत्यूंचं प्रमाण युद्धापूर्वीच्या जवळपास दुप्पट झालं होतं. सैनिकांच्या शुश्रूषेचा इतिहास लिहिताना ही किंमत कुणी मोजली तेही लिहायला हवं. ज्यांच्यासाठी कुणी गाणी लिहिली नाहीत असे म्हातारे, गतिमंद, वर्षानुवर्षं तिथे राहिलेले लोक त्यात गेले.

जे सैनिक बरे झाले नाहीत आणि शेवटी नागरी इस्पितळांतच पोचले, त्यांना ‘सर्व्हिस पेशंट’ असा वेगळा दर्जा होता. त्यांचा खर्च सरकार करी, त्यांना वेगळे कपडे आणि आठवड्याला अर्धा क्राउन (तेव्हाचं एक ब्रिटिश नाणं) हातखर्च मिळे, आणि मेल्यावर त्यांना गरिबांच्या खर्चात पुरत नसत. त्याच वॉर्डात शेजारच्या पलंगावरच्या माणसाला यातलं काही नाही. नर्सने या दोघांत समतोल कसा राखला असेल, याचा विचार करायला मी मुलांना एक तास देते, आणि तो कधीच पुरत नाही.

अधिकाऱ्यांची गोष्ट निराळी होती. क्रेगलॉकहार्ट १९१६ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालं ते फक्त अधिकाऱ्यांसाठी. तिथे दोन मोठे कवी राहून गेल्यामुळे त्याच्याबद्दल उदंड लिहिलं गेलंय, त्यामुळे इथे त्यात फार शिरत नाही. एवढंच, की दिवसा गोल्फ खेळणारी तीच माणसं रात्री किंचाळून उठत, आणि तेव्हा पलंगापाशी रिव्हर्स बसलेले नसत.

एका विषयावर मात्र थांबलंच पाहिजे. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या रुग्णालयात लुईस यीलँड यांनी वाचा गेलेल्या सैनिकांच्या घशाला विजेचे झटके दिले, खोलीचं दार लावून घेऊन, बोलेपर्यंत बाहेर सोडणार नाही असं बजावून. हे त्यांनी स्वतःच १९१८ मध्ये छापलं. ते वाचताना मी डॉक्टरकडे न बघता बंद दाराच्या या बाजूला बघते. वॉर्डातून त्या रुग्णाला तिथवर कुणी नेलं? परत आल्यावर पाणी कुणी दिलं? आपण त्या दिवशी ड्यूटीवर असतो तर काय केलं असतं, हे मी विचारते तेव्हा ‘मी विरोध केला असता’ असं पटकन म्हणणाऱ्या मुलीला मी पुन्हा विचारते: मेट्रनपुढे, म्हणजे मुख्य परिचारिकेपुढे? युद्ध चालू असताना? लष्करी रुग्णाबाबत? मला यावर तयार उत्तर नको असतं. हा प्रश्न तिच्यासोबत वॉर्डात जायला हवा असतो.

युद्धानंतर सरकारने नेमलेल्या चौकशी समितीचा १९२२ चा अहवालही वाचण्यासारखा आहे. साक्षी दिल्या त्या बहुतेक लष्करी अधिकाऱ्यांनी आणि डॉक्टरांनी. ज्यांनी चोवीस तास या माणसांना पाहिलं त्यांचं म्हणणं त्यात शोधावं लागतं. मी चिडूनच तो वाचून संपवला.

दुसऱ्या महायुद्धाकडे वळलं की चित्र बदलतं, आणि माझ्या मते तिथेच आपल्या व्यवसायाला खरा आवाज फुटला. १९३९ मध्ये लंडनचं मॉड्स्ली रुग्णालय रिकामं करून माणसं दोन ठिकाणी हलवली: मिल हिल आणि सटनजवळचं बेलमाँट. बेलमाँटला फ्रान्समधल्या डंकर्कहून माघार घेऊन परतलेल्या सैनिकांवर डॉक्टर विल्यम सारगंट यांनी सोडियम अमायटल हे गुंगी आणणारं औषध वापरलं, दिवसेंदिवस गुंगीत ठेवण्याचे उपचार केले. अशी लांबलचक झोप म्हणजे पूर्णपणे नर्सचं काम. श्वास मोजायचा, ताप बघायचा, पोटात पाणी किती गेलं आणि लघवी किती झाली ते लिहायचं, अर्धवट जागं करून भरवायचं, संडासला न्यायचं, परत झोपवायचं. हात जरा ढिला पडला की न्यूमोनिया. उपचाराचं श्रेय औषधाला गेलं. पण पेशंट जिवंत उठला तो या तक्त्यांमुळे.

मिल हिलला याच्या अगदी उलट प्रयोग झाला. छातीत धडधड, दम, थकवा, आणि हृदयात दोष काहीच नाही, अशा सैनिकांचा (याला तेव्हा ‘एफर्ट सिंड्रोम’ म्हणत) साधारण शंभर खाटांचा विभाग डॉक्टर मॅक्सवेल जोन्स चालवत. शरीरात हे कसं होतं ते समजावून सांगणारी व्याख्यानं त्यांनी सुरू केली. हळूहळू जुने रुग्णच नव्यांना समजावू लागले, व्याख्यानाची चर्चा झाली, आणि चर्चेत परिचारिका सामील झाल्या. युद्धामुळे इथे आलेल्या अनेकजणी मुळात दुसऱ्याच व्यवसायातल्या होत्या, त्यामुळे ‘सिस्टरने बोलायचं नसतं’ हे त्यांच्या अंगात मुरलेलं नव्हतं. थेरप्यूटिक कम्युनिटी, म्हणजे रुग्ण आणि कर्मचारी यांचं एकत्र राहणं-बोलणं हाच उपचार, म्हणून आपण जे शिकवतो त्याचं एक मूळ इथे आहे. बर्मिंगहॅमच्या नॉर्थफील्ड लष्करी रुग्णालयातले गटोपचाराचे प्रयोगही याच वर्षांतले.

आणि नर्सिंगचा सिद्धांत मांडणारी हिल्डगार्ड पेप्लाऊ! तिचं नाव आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं, पण ती १९४३ ते १९४५ अमेरिकन लष्कराच्या परिचारिका दलात होती, इंग्लंडमधल्या ३१२व्या लष्करी रुग्णालयात युद्धाने खचलेल्या सैनिकांसोबत काम करत होती, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. नर्स आणि रुग्ण यांच्यातलं नातं हाच उपचार, हा तिचा १९५२ सालचा विचार मी शिकवते तेव्हा ते वॉर्ड आधी दाखवते, मग तिने सांगितलेल्या या नात्याच्या चार अवस्था. मुलांना त्या लगेच कळतात.

आता मर्यादा. संग्रहाचा भर ब्रिटनवर आहे, त्यामुळे अमेरिकेची बाजू इतरत्र शोधावी लागते. १९१८ मध्ये फ्रान्समधल्या ला फोश इथे अमेरिकन सैन्याने मानसिक आघाताच्या रुग्णांसाठी बेस हॉस्पिटल ११७ उघडलं होतं. तिथल्या प्रमुख परिचारिका अॅडेल पोस्टन या मानसिक रुग्णांच्या सेवेतूनच आलेल्या होत्या. त्या रुग्णालयाची माहिती अमेरिकन लष्कराच्या अधिकृत वैद्यकीय इतिहासात, १९२९ च्या मनोविकारांवरच्या खंडात, मिळते. ब्रिटिश परिचारिकांच्या वैयक्तिक सेवा-फाइली ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि त्यांत स्वतः नर्सच खचून गेल्याच्या, विश्रांतीला पाठवल्याच्या नोंदी भेटतात. त्या नोंदींशिवाय हा इतिहास अर्धाच राहतो. रुग्णांच्या अलीकडच्या कागदांवर गोपनीयतेमुळे निर्बंध आहेत, आणि ते असलेच पाहिजेत. हस्तलिखित पानं मात्र डोळ्यांनीच, सावकाश वाचावी लागतात. इंग्रजीचा सराव हवा, जुन्या वळणाच्या इंग्रजीचा तर हवाच.

शोधताना ‘शेल शॉक’ एवढ्यावर थांबू नका. ‘न्यूरस्थेनिया’, ‘वॉर न्यूरोसिस’, ‘हिस्टेरिया’, ‘एफर्ट सिंड्रोम’ हेही शब्द घाला. ‘नर्स’ टाकून मानसोपचारातलं फारसं निघत नाही, ‘अटेंडंट’ टाकून बघा. आणि इस्पितळाच्या नावाने शोधणं सगळ्यांत चांगलं: नेटली, सील हेन, मॅगल, नॅप्सबरी, मिल हिल. वार्षिक अहवालांत शेवटी नोकरवर्गाची पानं असतात, तिथे एकदम दहा-बारा नावं भेटतात आणि दिवस सार्थकी लागतो.

पहिल्यांदा येणाऱ्याने १८८५ च्या पुस्तिकेपासून सुरुवात करावी, मग फिल्म, मग १९२२ चा अहवाल. फिल्म वर्गात दाखवणार असाल तर आधी एकदा एकट्याने बघा, आणि मुलांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. कुणाचे वडील किंवा भाऊ सैन्यात असतात, कुणाच्या घरी असंच कुणीतरी रात्री दचकून उठत असतं. नको वाटेल त्याला त्या तासाला ग्रंथालयात बसायची मोकळीक मी देते, कारण विचारत नाही, आणि हजेरी लावते.